जीवशास्त्राची पदवी आणि शैक्षणिक कर्ज : सही करण्यापूर्वी मांडायचा हिशेब

नीटचा निकाल लागला की महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत दोन-तीन आठवड्यांची धावपळ सुरू होते. एमबीबीएसला गुण पुरत नाहीत, आणखी एक वर्ष रिपीट करण्याची कुणाची तयारी नसते, आणि पीसीबी (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) घेतलेल्या मुलासमोर बी.एस्सी. बायोटेक्नॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी, झूलॉजी किंवा बॉटनी एवढेच पर्याय उरल्यासारखे वाटतात. याच आठवड्यांत खाजगी विद्यापीठांची माहितीपत्रके हातात पडतात, तिथल्या प्रवेश कक्षातच बँकेचा माणूस बसलेला असतो आणि सहा-सात लाखांच्या कर्जाचा अर्ज अर्ध्या तासात भरून होतो. पदवी महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवताना अशा पालकांशी बोलण्याचे प्रसंग मला वरचेवर आले. त्यांतून तयार झालेली हिशेबाची पद्धत या लेखात क्रमाने मांडली आहे.

सुरुवातीलाच माझे मत सांगतो, म्हणजे पुढचे आकडे कोणत्या दिशेने चालले आहेत ते लक्षात राहील. जीवशास्त्रात कमाई उशिरा सुरू होते आणि कर्जाचे हप्ते लवकर सुरू होतात. अभियांत्रिकीच्या पदवीधराला चौथ्या वर्षाअखेर जी नोकरी मिळण्याची शक्यता असते, तशी नोकरी जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला बहुधा एम.एस्सी.नंतर, आणि संशोधनाकडे जायचे असेल तर पीएच.डी.नंतरच मिळते. बँक मात्र अभ्यासक्रम संपल्यावर साधारण एका वर्षाने हप्ता मागू लागते. म्हणून पहिली पदवी शक्य तितक्या कमी खर्चात करावी आणि कर्ज काढण्याची ऐपत दुसऱ्या पदवीसाठी राखून ठेवावी, असे माझे मत आहे. याला अपवाद आहेत, ते पुढे येतीलच.

पायरी पहिली : शिक्षण कुठे थांबणार ते आधी ठरवणे

'बायोटेकला स्कोप आहे' या वाक्यावर हिशेब मांडता येत नाही. कागदावर तीन वेगळे रस्ते लिहून काढावेत.

पहिला रस्ता बी.एस्सी. करून थेट नोकरीचा आहे. यात औषध कंपन्यांच्या गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळा, अन्नप्रक्रिया उद्योग, निदान केंद्रे, मेडिकल कोडिंग, फार्माकोव्हिजिलन्समधील (औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या विभागातील) सुरुवातीची कामे आणि वैद्यकीय प्रतिनिधीची नोकरी हे पर्याय येतात. दुसरा रस्ता एम.एस्सी.पर्यंतचा, तर तिसरा नेट, गेट या राष्ट्रीय परीक्षा किंवा संस्थेची प्रवेश परीक्षा देऊन पीएच.डी.कडे जाणारा आहे. स्पर्धा परीक्षा हा चौथा रस्ता पुष्कळ जण मनात ठेवतात, पण तिथे विषयाची निवड किती महत्त्वाची ठरते हे प्रवेशाच्या वेळी कुणी सांगत नाही.

विषयाच्या नावाने केवढा फरक पडतो, याची दोन उदाहरणे पाहण्यासारखी आहेत. अन्नसुरक्षा अधिकारी या पदासाठी केंद्राच्या नियमांत दिलेल्या पात्रतेच्या यादीत बायोटेक्नॉलॉजी, बायोकेमिस्ट्री आणि मायक्रोबायोलॉजी या पदव्या आहेत. नुसती बॉटनी किंवा झूलॉजी त्या यादीत नाही. केंद्र सरकारच्या इन्स्पायर शिष्यवृत्तीत परिस्थिती उलटी आहे. वर्षाला ८०,००० रुपयांची ही शिष्यवृत्ती बारावीच्या बोर्डात वरच्या एक टक्क्यात आलेल्या आणि मूलभूत विज्ञानात पदवी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आहे. तिच्या विषयांच्या यादीत बॉटनी, झूलॉजी, बायोकेमिस्ट्री आणि मायक्रोबायोलॉजी आहेत, बायोटेक्नॉलॉजी नाही. बारावीला उत्तम गुण मिळवलेल्या मुलीने मायक्रोबायोलॉजीऐवजी नावाच्या आकर्षणापायी बायोटेक्नॉलॉजी घेतली, तर तीन वर्षांत मिळू शकणाऱ्या २,४०,००० रुपयांवर ती पाणी सोडते आणि वर कर्जही काढते. प्रवेशाच्या आधी यादी उघडून पाहिली की हे टळते.

पायरी दुसरी : खर्च पूर्ण लिहिणे

माहितीपत्रकातली वार्षिक फी हा खर्चाचा केवळ एक भाग असतो. वसतिगृह, मेस, प्रयोगशाळेची अनामत, परीक्षा शुल्क, ॲप्रन, जर्नल्स, शेवटच्या वर्षाचा प्रकल्प, गावाकडे जाण्या-येण्याचा खर्च आणि दरवर्षीची फीवाढ हे सगळे वेगळे लिहावे. प्रकल्पाचा खर्च बहुतेकांच्या ध्यानातही येत नाही. डीएनए वेगळा करण्याचे किट, प्रायमर, सिक्वेन्सिंगसाठी बाहेर पाठवलेले नमुने यांचे पैसे काही ठिकाणी विद्यार्थ्यांकडूनच वर्गणी काढून भरले जातात. त्यामुळे प्रवेशाआधी त्या विभागातल्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला गाठून 'गेल्या वर्षी खिशातून एकूण किती गेले' हा साधा प्रश्न विचारावा. कार्यालयाकडून असे उत्तर मिळत नाही.

अनुदानित आणि विनाअनुदानित हा भेदही लक्षात घ्यावा. एकाच महाविद्यालयाच्या एकाच इमारतीत बॉटनी-झूलॉजीची अनुदानित तुकडी अगदी थोड्या फीमध्ये चालते, आणि शेजारच्या दालनातली बायोटेक्नॉलॉजीची तुकडी विनाअनुदानित असल्याने तिची फी कितीतरी पट असते. शिकवणारे काही जण दोन्हीकडे तेच असतात. खाजगी आणि अभिमत विद्यापीठांची फी त्याहूनही वर जाते.

पुढच्या गणितासाठी एक उदाहरण धरू. खाजगी विद्यापीठातील तीन वर्षांच्या पदवीसाठी दरवर्षी २ लाख याप्रमाणे एकूण ६ लाखांचे कर्ज घेतले आणि व्याजदर १० टक्के आहे, असे समजू. हे आकडे हिशेबाच्या सोयीसाठी घेतले आहेत. वाचकाने आपल्या मंजुरीपत्रातले आकडे त्या जागी घालावेत.

पायरी तिसरी : 'हायेस्ट पॅकेज' बाजूला ठेवून एनआयआरएफचा तक्ता वाचणे

ही पायरी सर्वांत कमी लोक करतात आणि तिचाच उपयोग सर्वांत जास्त होतो. राष्ट्रीय क्रमवारीत, म्हणजे एनआयआरएफमध्ये, भाग घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला आपली माहिती भरून द्यावी लागते आणि ती आपल्या संकेतस्थळावरही ठेवावी लागते. त्या पीडीएफमध्ये 'यूजी तीन वर्षे' असा तक्ता असतो. त्यात पहिल्या वर्षाची प्रवेशक्षमता, प्रत्यक्ष प्रवेश, ठरलेल्या मुदतीत पदवी पूर्ण केलेले विद्यार्थी, नोकरी लागलेले विद्यार्थी, त्यांचा मध्यक वार्षिक पगार आणि उच्च शिक्षणाला गेलेले विद्यार्थी अशा रकान्यांत आकडे दिलेले असतात.

हा तक्ता डावीकडून उजवीकडे वाचायचा. समजा, ३०० प्रवेश झाले, त्यातले २१० वेळेत उत्तीर्ण झाले, ४० जणांना नोकरी लागली, ८५ जण पुढे शिकायला गेले आणि मध्यक पगार २,८०,००० रुपये आहे. नोकरी आणि पुढचे शिक्षण मिळून १२५ झाले, म्हणजे वेळेत उत्तीर्ण झालेल्या २१० पैकी ८५ जणांचा या तक्त्यात पत्ता लागत नाही, आणि उरलेल्या ९० जणांची तर पदवीच वेळेत पूर्ण झालेली नाही. शिवाय मध्यक म्हणजे बरोबर मधला आकडा. नोकरी लागलेल्या ४० जणांपैकी साधारण २० जणांचा पगार २,८०,००० पेक्षा कमीच आहे. माहितीपत्रकात मात्र या ४० पैकी एकाचा फोटो छापलेला असतो.

तक्त्याची एक मर्यादा ध्यानात ठेवावी. तीन वर्षांच्या सगळ्या पदव्या त्यात एकत्र मोजलेल्या असतात, त्यामुळे बी.कॉम. आणि संगणकशास्त्राची मुलेही त्याच आकड्यात असतात. जिथे संगणकशास्त्राचा विभाग मोठा आहे, तिथे नोकऱ्यांचा आकडा त्या विभागामुळे फुगलेला असण्याची शक्यता धरावी. म्हणून विभागप्रमुखांकडे मागील तीन वर्षांची, फक्त आपल्या विषयाची यादी मागावी : कंपनीचे नाव, पदाचे नाव, किती जण. पदाचे नाव आवर्जून विचारावे, कारण एका नामांकित औषध कंपनीत लागलेला विद्यार्थी तिथे कायम कर्मचारी आहे, कंत्राटदाराच्या पटावर आहे की सहा महिन्यांचा प्रशिक्षणार्थी आहे, हे कंपनीच्या नावावरून कळत नाही.

एकदा एक आई माझ्यासमोर माहितीपत्रक घेऊन बसल्या होत्या. त्यांनी 'हायेस्ट पॅकेज'च्या आकड्याभोवती पेनाने गोल काढला होता आणि त्याच पानाच्या मागे हप्त्याचा भागाकार केला होता. भागाकार अचूक होता, फक्त ज्या आकड्याला भागले होते तो त्यांच्या मुलाला मिळण्याची शक्यता जवळपास नव्हती. आम्ही त्या संस्थेचा तक्ता शोधून त्याच पानावर पुन्हा भागाकार केला, तेव्हा हप्ता पगाराच्या निम्म्यावर गेला.

पायरी चौथी : सीटीसीमधून हातात पडणारा पगार काढणे

नेमणूकपत्रावर वर्षाला ३ लाख सीटीसी, म्हणजे कंपनीचा त्या कर्मचाऱ्यावरचा एकूण खर्च, लिहिले असेल, तर महिन्याला २५,००० हातात येत नाहीत. मूळ वेतन निम्मे, म्हणजे १२,५०० रुपये धरू. त्यावरचा मालकाच्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधी १,५०० रुपये आणि ग्रॅच्युइटीची सुमारे ६०० रुपयांची तरतूद सीटीसीतच मोजलेली असते. ती वजा केल्यावर राहिलेल्या सुमारे २२,९०० रुपयांतून कर्मचाऱ्याच्या वाट्याचे १,५०० आणि महाराष्ट्रातला व्यवसाय कर २०० रुपये जातात. खात्यावर साधारण २१,२०० रुपये पडतात. महिला कर्मचाऱ्यांना महिना २५,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही, तेवढी २०० रुपयांची बचत होते. गट विमा, कॅन्टीन आणि बसची कपात असेल तर आकडा आणखी खाली येतो.

आता खर्चाकडे पाहू. औषध कंपन्यांचे कारखाने शहरापासून दूर असतात आणि निर्जंतुक उत्पादनाच्या विभागात तीन पाळ्यांत काम चालते. क्लीन रूममध्ये तासन्तास उघड्या ठेवलेल्या पेट्री प्लेट्स गोळा करणे, इन्क्युबेटरमधून काढून त्यांवरच्या वसाहती मोजणे आणि प्रत्येक आकडा त्याच वेळी नोंदवहीत लिहिणे हे काम रात्रपाळीतही थांबत नाही. त्यामुळे घरून येऊन-जाऊन नोकरी करणे पुष्कळदा शक्य होत नाही आणि खोली घ्यावी लागते. राहणे-खाणे १२,००० आणि प्रवास, फोन, किरकोळ खर्च २,५०० धरला, तर २१,२०० मधून ६,७०० रुपये उरतात. हप्ता, घरी पाठवायचे पैसे आणि आजारपण हे सगळे एवढ्यातच बसवावे लागते.

पायरी पाचवी : कर्ज पहिल्या हप्त्यापर्यंत किती वाढते ते पाहणे

भारतीय बँक संघाच्या आदर्श योजनेप्रमाणे अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता नसतो. या सवलतीच्या काळात व्याज मात्र चालूच राहते. ते सरळव्याज असते आणि हप्ते सुरू होताना मुद्दलात मिळवले जाते. आपल्या उदाहरणात पहिल्या वर्षाच्या २ लाखांवर चार वर्षांचे ८०,०००, दुसऱ्या वर्षाच्या २ लाखांवर तीन वर्षांचे ६०,००० आणि तिसऱ्या वर्षाच्या २ लाखांवर दोन वर्षांचे ४०,००० असे एकूण १,८०,००० रुपये व्याज साठते. म्हणजे ६ लाखांचे कर्ज पहिल्या हप्त्याच्या दिवशी ७,८०,००० झालेले असते.

या रकमेवर सात वर्षांच्या मुदतीसाठी सुमारे १२,९५०, दहा वर्षांसाठी सुमारे १०,३०० आणि पंधरा वर्षांसाठी सुमारे ८,४०० रुपयांचा हप्ता बसतो. मुदत वाढवून हप्ता खाली आणण्याचा सल्ला बँकेत हमखास मिळतो, पण सात वर्षांत एकूण सुमारे १०,८८,००० रुपये फेडावे लागतात आणि पंधरा वर्षांत १५,०८,०००. पंधरा वर्षांचा हप्तासुद्धा वर उरलेल्या ६,७०० रुपयांत बसत नाही, हे पाहिल्यावर मुदतीची चर्चाच तिथे थांबते.

याउलट शिक्षण चालू असतानाच दरमहा व्याज भरत गेले, तर पहिल्या वर्षी महिन्याला सुमारे १,६७०, दुसऱ्या वर्षी ३,३३० आणि नंतरची दोन वर्षे ५,००० रुपये पालकांना द्यावे लागतात. हप्ते सुरू होताना कर्ज ६ लाखच राहते आणि दहा वर्षांचा हप्ता सुमारे ७,९३० वर येतो. आधी भरलेले १,८०,००० धरूनही एकंदरीत एक लाखाहून अधिक रुपये वाचतात. असे व्याज वेळेवर भरणाऱ्यांना काही बँका व्याजदरात एक टक्क्यापर्यंत सवलत देतात, आणि मुलींना अर्ध्या टक्क्याची सवलत बऱ्याच बँकांत आहे. या सवलती मागितल्याशिवाय लागू झाल्या नाहीत, अशी उदाहरणे मी पाहिली आहेत. म्हणून मंजुरीपत्रात त्या छापील दिसल्या पाहिजेत.

पायरी सहावी : पगारापासून कर्जाकडे उलटे येणे

'फी इतकी आहे, तेवढे कर्ज' असा सरळ हिशेब न करता उलटा करावा. घरापासून दूर राहणाऱ्या नवख्या नोकरदाराने हातात येणाऱ्या पगाराच्या पाचव्या हिश्शाहून मोठा हप्ता अंगावर घेऊ नये, असे मी सांगतो. घरीच राहून नोकरी करता येणार असेल तर तिसऱ्या हिश्शापर्यंत जाता येईल.

२१,२०० चा पाचवा हिस्सा ४,२४० रुपये होतो. दहा टक्के दराने आणि दहा वर्षांच्या मुदतीने एक लाखाला सुमारे १,३२२ रुपये हप्ता पडतो, म्हणजे ४,२४० रुपयांत ३,२०,००० चे कर्ज पेलते. ही पहिल्या हप्त्याच्या दिवशीची रक्कम आहे. तीन वर्षांच्या पदवीत साठलेल्या व्याजामुळे मूळ कर्ज १.३ पट होते, हे वर पाहिलेच. म्हणून ३,२०,००० ला १.३ ने भागायचे. उत्तर सुमारे २,५०,००० येते. तीन लाखांच्या सीटीसीची अपेक्षा असेल, तर तीन वर्षांच्या जीवशास्त्राच्या पदवीसाठी अडीच लाखांपर्यंतचे कर्ज पेलवते. सहा लाखांचे पेलवायचे असेल, तर सुरुवातीचा पगार दुपटीहून जास्त हवा.

इथे आणखी एक तुलना करावी लागते. पदवी आणि बिनपदवी यांची तुलना निरुपयोगी आहे, कारण मूल शिकणारच आहे. खरी तुलना महागडी पदवी आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या अनुदानित महाविद्यालयातील तीच पदवी यांच्यात आहे. महाग संस्थेमुळे पगारात महिन्याला किती भर पडणार, हा प्रश्न विचारावा. ती भर हप्त्याहून मोठी असल्याचे तक्त्यातून दिसले, तर कर्ज काढण्यात चूक नाही. बी.एस्सी.च्या पातळीवर गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळेत मुलाखत घेणारा ग्रॅम स्टेनिंग, मीडिया तयार करणे, ऑटोक्लेव्हची वैधता तपासणे आणि नोंदी ठेवण्याची शिस्त यांवरच प्रश्न विचारतो. या गोष्टी चांगल्या अनुदानित महाविद्यालयातही शिकता येतात. महाग संस्थेत उपकरणे प्रत्यक्ष हाताळायला मिळतात की ती काचेआड ठेवून दाखवतात, हे मात्र जाऊन पाहावे.

पायरी सातवी : अनुदान आणि सवलतींचा खरा लाभ तपासणे

केंद्रीय मंत्रिमंडळाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर केलेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत, वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबातील विद्यार्थ्याला १० लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात ३ टक्के व्याज अनुदान आहे. पण संस्था योजनेच्या यादीत हवी. सुरुवातीला ही यादी ८६० संस्थांची होती. गुणवत्तेवर मिळालेला प्रवेश हवा, व्यवस्थापन कोट्यातला चालत नाही. अनुदानासाठी दरवर्षी एक लाख विद्यार्थी अशी मर्यादाही आहे. ४.५ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांसाठी सवलतीच्या काळातील पूर्ण व्याज माफ करणारी जुनी योजना आहे, परंतु ती तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. साधी बी.एस्सी. त्यात धरली जाईल का, हे शाखेकडून लेखी घ्यावे. तोंडी 'होऊन जाईल' या शब्दांवर १,८०,००० रुपयांचा हिशेब सोडू नये.

महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावरच्या शिष्यवृत्त्या आणि शुल्क प्रतिपूर्ती कर्जाच्या आधी पाहाव्यात. त्यात प्रवर्ग, उत्पन्न आणि अभ्यासक्रम तिन्ही जुळावे लागतात. उत्पन्नाचा दाखला, अधिवास आणि नॉन-क्रीमीलेअर ही कागदपत्रे जूनमध्ये तहसीलमध्ये रांग लागण्याआधीच काढून ठेवलेली बरी. प्रतिपूर्तीची रक्कम उशिरा येते, त्यामुळे पहिल्या वर्षी फी भरण्यापुरती सोय हाताशी असावी.

प्राप्तिकराच्या ८०ई कलमाचा उल्लेख कर्ज देणारा प्रत्येक जण करतो. व्याजावर आठ वर्षे वजावट मिळते हे खरे, परंतु ती जुन्या करप्रणालीतच मिळते. तीन-चार लाख उत्पन्नावर जिथे करच लागत नाही, तिथे वजावट कशातून करणार? जीवशास्त्राच्या नव्या पदवीधराने हा लाभ शून्य धरून चालावे.

तारणाविषयी थोडक्यात सांगायचे तर साडेसात लाखांपर्यंतच्या पात्र शैक्षणिक कर्जांना केंद्राच्या हमी निधीचे संरक्षण असल्यामुळे तारण लागत नाही. आई किंवा वडील मात्र सहकर्जदार असतातच. हप्ता थकला की सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, त्यांचेही नाव खराब होते, आणि धाकट्या भावंडाच्या कर्जाच्या वेळी ते आडवे येते.

पायरी आठवी : एम.एस्सी. आणि पीएच.डी.चा काळ हिशेबात धरणे

सर्वांत मोठी गफलत इथे होते. सहा लाखांच्या कर्जावर बी.एस्सी. केलेला विद्यार्थी लगेच एम.एस्सी.ला गेला, तर एम.एस्सी.चे पहिले वर्ष संपताच जुन्या कर्जाची सवलत संपते. दुसऱ्या वर्षात महिना १०,३०० रुपयांचा हप्ता सुरू होतो, म्हणजे पगार नसलेल्या वर्षात सुमारे १,२४,००० रुपये उभे करावे लागतात. दुसरे कर्ज त्याच बँकेतून घेतले, तर काही बँका दोन्ही कर्जे एकत्र करून दुसरा अभ्यासक्रम संपल्यावर हप्ते सुरू करतात. ही सोय आहे का, याची चौकशी पहिल्या कर्जाच्या वेळीच करायची असते.

आता दुसरा रस्ता पाहू. बी.एस्सी. अनुदानित महाविद्यालयात कर्जाशिवाय झाली आणि विद्यापीठ विभागातील एम.एस्सी.साठी दरवर्षी १ लाख याप्रमाणे २ लाखांचे कर्ज घेतले, तर तीन वर्षांत ५०,००० व्याज साठून २,५०,००० होतात. सात वर्षांचा हप्ता सुमारे ४,१५० पडतो. जीएटी-बी परीक्षेतून जैवतंत्रज्ञान विभागाच्या अर्थसाहाय्याच्या जागेवर प्रवेश मिळाला, तर विद्यावेतनही मिळते आणि एवढे कर्जही लागत नाही. आयआयटी मुंबईसारख्या संस्थेत जॅम या एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेतून गेलेला विद्यार्थी जिल्ह्याच्या महाविद्यालयातून आलेला असला तरी त्याच्या पुढच्या अर्जांवर आयआयटीचेच नाव झळकते. कर्ज राखून ठेवण्याचा माझा आग्रह यासाठीच आहे.

सीएसआयआर-यूजीसी नेटमधून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली, तर १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे महिना ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये, तसेच नियमाप्रमाणे घरभाडे भत्ता मिळतो. ४,१५० चा हप्ता ३७,००० च्या नवव्या हिश्शाएवढा आहे आणि तो सहज जातो. १०,३०० चा हप्ता त्याच रकमेच्या सुमारे २८ टक्के होतो, आणि पीएच.डी.ची पाच-सहा वर्षे तो भरत राहावा लागतो. अधिछात्रवृत्तीचे पैसे काही महिने अडकून मग एकदम जमा होतात, हा संशोधक विद्यार्थ्यांचा नेहमीचा अनुभव आहे. बँकेचा हप्ता तसा थांबत नाही. म्हणून किमान चार हप्त्यांएवढी रक्कम बाजूला ठेवूनच पीएच.डी.ला नाव नोंदवावे.

राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर चार वर्षांची ऑनर्स पदवी आणि त्यावर एका वर्षाची एम.एस्सी. असा मार्ग खुला झाला आहे. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के गुण असल्यास थेट पीएच.डी.ची पात्रताही मिळते. कर्जाच्या दृष्टीने चौथे वर्ष म्हणजे आणखी एका फीची उचल आणि सगळ्या जुन्या उचलींवर आणखी एका वर्षाचे व्याज आहे. तिसऱ्या वर्षानंतर बाहेर पडून दोन वर्षांची एम.एस्सी. दुसऱ्या, स्वस्त संस्थेत केलेली परवडते का, हे दोन्ही बाजूंनी मांडून पाहावे.

परदेशाचा विचार असणाऱ्यांसाठी एकच गणित देतो. अमेरिकेतील दोन वर्षांच्या एम.एस.साठी ४० लाख रुपये दोन समान उचलींत आणि ११ टक्क्यांनी घेतले, तर हप्ते सुरू होईपर्यंत ते ५१ लाख होतात आणि दहा वर्षांचा हप्ता ७०,००० च्या वर जातो. तिथे पदवीनंतर कामाची परवानगी एक वर्षाची आणि विज्ञान शाखांना आणखी २४ महिन्यांची असते. नोकरी न मिळता परतावे लागले, तर भारतातील जीवशास्त्राच्या पगारावर हा हप्ता निघणार नाही. पूर्ण अधिछात्रवृत्तीवरची पीएच.डी. ही बाब पूर्ण वेगळी आहे. तिथे कर्ज मुळातच लागत नाही, आणि भारतातील चांगली एम.एस्सी. व प्रयोगशाळेतील एक-दोन वर्षांचा अनुभव तिची उत्तम तयारी ठरतो.

पायरी नववी : प्रत्येक उचलीपूर्वी फेरविचार करणे

मंजूर झालेले सगळे कर्ज उचलावेच लागते, असा गैरसमज आहे. फीची रक्कम दरवर्षी बँकेकडून थेट संस्थेला जाते आणि पुढच्या वर्षाची उचल मागणीपत्र दिल्यावर होते. शिष्यवृत्ती आली, शेतीचे पैसे आले, तर तेवढी उचल कमी करावी. बदलत्या व्याजदराच्या कर्जात मुदतीआधी रक्कम भरल्याबद्दल बँक दंड लावत नाही.

दरवर्षी जूनमध्ये, मागणीपत्रावर सही करण्याआधी, चार गोष्टी एका पानावर लिहाव्यात : आजपर्यंतची उचल आणि साठलेले व्याज, मागच्या दोन सत्रांचे गुण, गेल्या वर्षात प्रयोगशाळेत स्वतःच्या हाताने केलेली तंत्रे, आणि त्या वर्षी आपल्याच विभागातून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांना मिळालेला हातातला पगार. शेवटच्या आकड्यासाठी तीन-चार सीनियर मुलांना फोन करावेत आणि सीटीसी न विचारता 'खात्यावर किती पडतात' असेच विचारावे. त्या आकड्याच्या पाचव्या हिश्शावरून सहाव्या पायरीचा उलटा हिशेब पुन्हा केला, आणि उचल त्या मर्यादेपलीकडे जाते आहे असे पहिल्या वर्षाअखेरीस दिसले, तर दुसऱ्या वर्षाला अनुदानित महाविद्यालयात बदली घेण्याची मुदत तेव्हा उलटलेली नसते. त्यासाठी जुन्या संस्थेचा ना-हरकत दाखला, गुणपत्रके आणि क्रेडिट जुळतात का याची नव्या महाविद्यालयाकडून खात्री लागते, आणि बँकेला संस्था बदलल्याचे पत्र देऊन पुढची उचल थांबवावी लागते.